माणबंदरची राजकाठी

१

खारबायच्या देवळात सकाळी केर काढायला गेलेल्या सोनाबाईनं अर्धा सभामंडप झाडला, कंबर सरळ करायला म्हणून मान वर केली, आणि तेव्हा तिला दिसलं की काठी जागेवर नाही.

देवीच्या पुढ्यात एक काळा दगड रोवलेला आहे. त्या दगडाला भोक आहे आणि त्या भोकात माणबंदरची राजकाठी उभी असते. शिसवीची, पुरुषभर उंच, खाली लोखंडी टोक, वर चांदीची मूठ आणि मुठीवर उसळी मारणारा मासा. कुण्या सरदारानं दिली म्हणतात. कुठल्या सरदारानं, यावरून गावात डोकी फुटलेली आहेत. वर्तमानपत्रवाले तिला राजदंड म्हणतात, कोळीवाडा नुसतं काठी म्हणतो. ती कधी आडवी ठेवत नाहीत. पाटील मेला की पाटील आडवा होतो, काठी उभीच राहते.

सोनाबाईनं केरसुणी तिथंच टाकली आणि अशी हाक घातली की खाडीपलीकडं रेवदंड्यातली कुत्रीसुद्धा उठली असतील.

दिवसही नेमका वाईट होता. गावासमोरच्या वाळूत बायका बांबूच्या वलांड्या उभारून बोंबील वाळत घालतात. पिढ्यान्‌पिढ्या घालतात. त्याच वाळूत मागच्या महिन्यात एका रिसॉर्टवाल्या कंपनीनं लाल फडकी बांधलेले बांबू ठोकले. इथं म्हणे त्यांची खाजगी जेट्टी होणार. गाव ओरडत गेलं तेव्हा कळलं की अलिबागला सुनावणी केव्हाच उरकली, आणि तिथं माणबंदरच्याच एका माणसानं उभं राहून सांगितलं की हा किनारा मोकळा पडलेला आहे, तिथं कुणी काही वाळवत नाही. हा हरामखोर कोण, ते कुणी सांगेना. तेच शोधायला आज संध्याकाळी गावकी बसायची होती. आणि काठी रोवल्याशिवाय गावकी बसत नाही. बसली तरी तिचा शब्द कुणावर चालत नाही.

दादू पाटलानं पोलिसांना फोन केला नाही. हा पाटील सरकारी नव्हे, कोळीवाड्याच्या गावकीचा. त्यानं फोन केला अलिबागला, पुतणीला.

नूतनला बाप आठवत नव्हता. तिला वाढवलं दादूकाकानं. पोलिसात भरती व्हायला निघाली तेव्हा गाव हसलं, काका भरतीच्या मैदानापर्यंत सोबत गेला. पुढं एका साहेबानं खोट्या पंचनाम्यावर सही मागितली, तिनं दिली नाही आणि नोकरीवर लाथ मारली. सगळं गोत म्हणालं पोरगी वेडी झाली. एकटा काका म्हणाला होता, बरं केलंस, आता जेवायला ये.

त्या काकानं बोलावलं होतं. ती चहा अर्धा टाकून रिक्षात बसली.

दादू देवळाच्या पायरीवर तिची वाट बघत होता. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"सांजच्या आत सापडली पायजे, बाय. गाव माझ्या तोंडाकडं बघतोय. आनि त्या गणराजला सोडू नको."

"कुणालाच सोडत नाही, काका. तू घरी जाऊन दोन घास खा आधी."

कुलूप फोडलं नव्हतं, कारण खारबायला कुलूप लावायची पद्धतच नाही. लोकांनी एक शहाणपण केलं होतं, नूतन येईपर्यंत गाभाऱ्यात कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. गुरवाची पूजासुद्धा अडवून ठेवली होती. नूतन चपला काढून आत गेली, रिकाम्या दगडापाशी वाकली, काही दिसलं नाही. मग तिनं देवीकडं पाहिलं आणि तिथंच थबकली.

देवीच्या उजव्या खांद्याला तगरीचं एक फूल चिकटलेलं होतं. डाव्या खांद्याचं खाली पायाशी पडलं होतं.

हा कौल होता. फुलं पाण्यात बुडवून दोन खांद्यांना लावायची, प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. म्हणजे चोरानं काठीला हात लावण्याआधी देवीची परवानगी मागितली होती.

देवी नाही म्हणाली होती. तरी त्यानं काठी नेली होती.

२

विपुलशेठ कंपनीचा माणूस. किनाऱ्यावर त्यानं पत्र्याची खोली टाकली होती आणि तिला एसी बसवला होता. गावातल्या निम्म्या लोकांचा संशय त्याच्यावर, कारण गेल्याच आठवड्यात त्यानं काठीचे फोटो काढले होते आणि ही रिसॉर्टच्या रिसेप्शनमध्ये काचेत छान दिसेल असं चारचौघांत बोलला होता.

"मॅडम, मी मागितली होती, चोरली नाही. कॉपी पण चालली असती आपल्याला," तो म्हणाला. "राजदंड म्हणजे काय? पॉवर. ज्याच्या हातात तो बॉस. गेस्ट लोकांना असलं आवडतं. फोटो काढतात हातात धरून."

रात्री तो मांडव्याला होता, मुंबईहून रो-रो बोटीनं आलेल्या पाहुण्यांना घ्यायला गेला होता, आणि ते पाहुणे शेजारीच नारळपाणी पीत बसले होते. तरीही नूतननं त्याला सहज विचारलं, देवीच्या खांद्यावर फुलं होती, ती कशाची. तो म्हणाला, डेकोरेशन असेल ना. खोटं बोलायला जेवढी माहिती लागते तेवढीही त्याच्याकडं नव्हती.

ती उठली तेव्हा तो मात्र दुखावल्यासारखा बोलला. "आमचं गावाशी भांडण आहेच कुठे? सुनावणीला गावाचा मोठा माणूस स्वतः आला होता सपोर्टला."

कोण मोठा माणूस, असं तिनं विचारल्यावर त्यानं जीभ चावली आणि एसी वाढवला.

मोठा माणूस म्हणजे गणराज, असं नूतनच्या डोक्यात आधी आलं. त्याच्या दोन होड्या, त्याचा आवाज मोठा, आणि पाटीलकीवर त्याचा डोळा आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत. आज गावकीत तो दादूकडून काठी मागणार होता, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

गणराज होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. तिला पाहून हसला.

"आलीस? काकानं पाठवली ना माझ्याकडं? मला ठावकं होतं. बस."

तिनं सरळ विचारलं, काठी तू नेलीस का. त्यानं जाळ्याची गाठ दातानं ओढली.

"मला काठी पायजे होती, व्हय. सगल्यांच्या देखत, देवीच्या म्होरं, दादूच्या हातानं. चोरून आणलेली काठी घेऊन मी काय करू, घराच्या मागं कोंबड्या हाकू?"

यावर नूतनलाही हसू आलं. तो पुढं बोलत राहिला. काठी म्हणजे बोलायचा हक्क, तो म्हणाला. ज्याच्या हातात ती, त्याचं बोलणं गाव ऐकून घेतं, मग आवडो न आवडो. आज काठी नाही तर बैठक नाही, आणि बैठक नाही तर दादू आणखी वर्षभर पाटील. मग तोटा कुणाचा झाला, तूच सांग.

अलिबागच्या सुनावणीला तू गेला होतास का, हेही तिनं विचारलं. त्या दिवशी तो खोल दर्यात होता, होडीवरच्या सगळ्या खलाशांसकट. तेवढ्यात एक खलाशी वरून ओरडून म्हणाला, त्या दिवशी यानं जाळंपण फाडलं नि आम्हाला आय-बापावरून शिव्यापण दिल्या, विसरायची सोय न्हाय.

चोरीनं ज्याचं नुकसान झालं तो चोर नव्हे. पोलिसात हे पहिल्या वर्षी शिकतात. मग काकानं याचंच नाव दोन्ही हात धरून का सांगितलं?

वैर, दुसरं काय. नूतननं मनाला असं सांगितलं आणि मनानंही ते मुकाट ऐकलं.

३

कान्हा गुरव देवळामागं तोंड पाडून बसला होता. देवी बिनपूजेची आहे, याचंच त्याला जास्त लागलं होतं. काठी गावाची, देवी त्याची.

नूतननं त्याच्याशी फुलांबद्दल बोलायला सुरुवात केली. तगर देवळाच्या कुंपणालाच आहे, कुणीही तोडू शकतं. पाण्यात बुडवून कशी चिकटवायची तेही गावानं लहानपणापासून पाहिलेलं. मग तिनं विचारलं, तू नाही ना लावलीस?

"मी लावली असती तर उतरवली नसती का?" कान्हा चिडला. "कौल संपला की आधी फुलं उतरवायची. न्हायतर देवी त्या प्रश्नातच अडकून ऱ्हाते. माझे हात आपोआप जातात तिथं."

हे खरं होतं. बोलता बोलताही तो जमिनीवरची गळलेली फुलं गोळा करून बाजूला ठेवत होता. गुरव सुटला. फुलं लावून तशीच टाकून गेलेला माणूस वेगळा. त्याच्या मागचं आवरायला कायम दुसरं कुणीतरी असणारा.

"मग गावातल्या कुणीही विचारला असेल कौल," ती म्हणाली.

"कुणीही कसा इचारल?" कान्हानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू अलिबागला राहून तिचं डोकं फिरलंय. "फुलं मी लावायची, प्रश्न पाटलानं करायचा. खारबाय पाटलाशीच बोलते. दुसऱ्यानं इचारलं तर तो दगूडच की. गणराज असू दे न्हायतर कलेक्टर, कशाला फुलं वाया..."

तो मधेच थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं ते मिटलं आणि ओंजळीतली फुलं मातीत ठेवून दिली.

"मी काय बोललो न्हाय, नूतनबाय," तो म्हणाला. "तू काय ऐकलं न्हाईस."

४

ऐकलं होतं. पण ऐकलेलं आत उतरू द्यायला ती तयार नव्हती. चालता चालता ती काकाच्या बाजूनं वकिली करत होती. दुसऱ्या कुणी पाटलाचं सोंग घेतलं असेल. कुणी मुद्दाम फुलं लावून काकाला अडकवलं असेल. पण काकाला अडकवायचं असतं तर चोरानं फुलांकडं बोट दाखवलं असतं, आणि सकाळपासून गावात फुलांचं नाव कुणी काढलं नव्हतं. शिवाय, पाटलाला काठी चोरायची गरजच काय? त्याचीच तर होती. या एका प्रश्नाला धरून ती किनाऱ्यापर्यंत आली.

सोनाबाई वलांडीवर बोंबील अडकवत होती, दोन-दोन, जबड्यात जबडा घालून. हात थांबत नव्हते. नूतननं विचारलं तर म्हणाली, काठी गेली म्हणून बोंबील थोडेच थांबतात नासायचे.

मग तिनंच उलट विचारलं. "काठी कशासाठी असते, सांग बघू. पोलीस ना तू?"

नूतननं दिवसभर जे ऐकलं ते सांगितलं. सत्ता. हुकूम. बोलायचा हक्क.

"सगले बाप्ये असंच सांगतात," सोनाबाई म्हणाली. "नवा पाटील होतो तवा काय करतात? ध्यान दे. काठी हातात द्यायच्या आधी त्याला वाकवतात नि ती त्याच्या पाठीवर ठेवतात. तू पन बघितलंस, दादूच्या टायमाला. तुला वाटलं असंल गंमत हाय. ती गंमत न्हाय. गावाला माराया काठी कशाला पायजे, गावाला माराया सगलं जग हाय. ती पाटलाला माराया हाय. तो हातात धरतो ती एवढ्यासाठी, की रोज ध्यानात ऱ्हावं, ही कुनाच्या पाठीची हाय."

आणि मग तिनं सांगितलं बायकांनी काय ठरवलं होतं ते. आज गावकीत त्या काठी पाठीवर मागणार होत्या. म्हणजे पाटलानं वाकायचं, काठी पाठीवर घ्यायची आणि विचारलं त्याचं उत्तर द्यायचं: अलिबागला कोण गेलं होतं? काठीखाली कुणी खोटं बोलत नाही. माणबंदरचा माणूस कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनधास्त थापा मारील, पण काठीखाली त्याची जीभ उचलणार नाही.

"तुम्हाला काकाचा संशय होता?"

"संशय कसला? पाटलाला ठावकं असनार कोन गेला ते, म्हनून त्याला इचारायचं. एवढंच."

"हे ठरलंय, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"आमा बायकांना. नि दादूला. आधी कलवल्याबिगर काठी मागता येत न्हाय, रीत हाय. काल मी सोता जाऊन सांगितलं त्याला. बरं म्हनला. चहा पाजला मला." सोनाबाईचे हात आता थांबले. ती नूतनकडं बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "अगं बया."

५

गणराजला काठी हातात हवी होती. विपुलला काचेत हवी होती. काठीची भीती गावात एकाच माणसाला होती, कारण ती एकाच माणसाच्या पाठीची होती.

आता फक्त काठी कुठंय ते राहिलं. नूतन वाळूत बसली आणि आयुष्यभर ज्या माणसाला ओळखत होती त्याच्या डोक्यानं विचार करू लागली. देवीनं नाही म्हटल्यावरही त्यानं काठी नेली, पण विचारल्याशिवाय नेली नाही. म्हणजे श्रद्धा जागेवर होती, तोल गेला होता. असा माणूस काठी खाडीत फेकणार नाही. माळ्यावर, पलंगाखाली, गवतात ठेवणार नाही, कारण तिथं ती आडवी ठेवावी लागते. त्याचे हात धजणार नाहीत. त्यानं ती उभीच ठेवली असेल. आणि उभी काठी कुठं दिसून येत नाही? जिथं आधीच पुष्कळ काठ्या उभ्या आहेत.

वलांड्यांत बायकांचे हात दिवसभर फिरतात, तिथं नाही. तिनं मान वळवली. वलांड्यांच्या पलीकडं कंपनीचे लाल फडक्यांचे बांबू रांगेनं उभे होते. त्यांना हात लावाल तर पोलीस केस, अशी धमकी होती, म्हणून गावातलं कुणी त्यांच्याकडं फिरकत नव्हतं. भरतीनं सगळे बांबू कलले होते, दारू प्यायल्यासारखे. एक सोडून.

ती जवळ गेली. तो एक ताठ उभा होता. वरपासून खालपर्यंत लाल फडकं गुंडाळलेलं, बुडाशी पडू नये म्हणून दगड नीट रचलेले. माथ्यावर फडक्याआड माशाची शेपटी हाताला लागली.

तिनं ती उपसली नाही. काकाला फोन केला आणि किनाऱ्यावर ये म्हणाली.

दादू आला. तिला बांबूंजवळ उभी पाहिल्यावर त्याची चाल मंदावली. थोडं अंतर राखूनच तो थांबला.

मग त्यानं सांगितलं. अल्पेशला, त्याच्या मुलाला, कंपनी स्पीडबोटीवर घेणार होती. युनिफॉर्म, सुट्टी, सगळं. दर्यात जायला तो तयार नाही, मुंबईत टिकत नाही. त्यांनी एवढंच मागितलं की सुनावणीला येऊन दोन शब्द बोला. बोलावणं गावाच्या नावानं आलं होतं, त्यानं गावाला कळवलं नाही. गेला आणि बोलला. दोनच शब्द, तो पुन्हा म्हणाला, जणू शब्द कमी होते म्हणून पाप कमी.

"आणि काठी आणून या बांबूंतच रोवलीस," नूतन म्हणाली. "त्यांचं फडकं गुंडाळून."

"बैठक टळली की परत ठेवनार होतो, बाय. खारबायची आन."

"देवी नाही म्हणाली होती."



तिला हे सगळं सोसलं असतं. पोलिसात तिनं याहून घाण पाहिली होती, पोटच्या पोरासाठी माणसं काय काय करतात ते पाहिलं होतं. सोसत नव्हतं ते वेगळंच.

"मला का बोलावलंस?"

दादू वाळूकडं बघत राहिला. "तू शोधतेस म्हनल्यावर गाव गप बसतो. तुझ्यावर लोकांचा भरवसा हाय."

"आणि मी तुझ्याकडं बघणार नाही, याचा तुला भरवसा होता."

तिचा सगळा खरेपणा, ज्यापायी तिनं नोकरी सोडली, जो त्यानंच तिला शिकवला, तोच त्यानं आज सकाळी पायरीवर तिचा हात धरून आपल्या चोरीवर पांघरूण म्हणून घातला होता.

"उपट ती," ती म्हणाली. "फडकं सोड. आणि उभी धरून गावातून घेऊन चल."

६

उन्हं कलली तेव्हा दादू पाटील काठी घेऊन गावातून चालत गेला. नूतन चार पावलं मागं. ओट्यांवरची माणसं एकेक करून उठली आणि मागून चालू लागली. गणराजही उठला, पण जिंकल्यासारखा दिसत नव्हता.

गावकी बसली. सोनाबाई उभी राहिली आणि तिनं काठी पाठीवर मागितली. दादू देवीसमोर वाकला. कान्हा गुरवानं काठी त्याच्या पाठीवर ठेवली. आडवी होण्याची तिला परवानगी असलेली ती एकच जागा.

"अलिबागला कोन गेला होता?"

"मी."

"किनारा मोकला हाय असं कोन बोलला?"

"मी बोललो." आणि न विचारताच पुढं: "काठीपन मीच नेली."

एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. अल्पेश खांबाआड उभा होता. तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

मग दादूनं, वाकलेल्याच अवस्थेत, मान थोडी वळवली. माणबंदरात काठीचा एकच फटका असतो. तो घरच्या माणसानं मारायचा, आणि एकदा बसला की गुन्हा तिथंच संपला. त्यानंतर त्याचं नाव कुणी काढायचं नाही, पोरांनी नाही, सुनांनी नाही. पाठीवर वळ राहतो, नावावर डाग राहत नाही.

"नूतन बाय, घे," तो म्हणाला. त्याचा आवाज आता हलका झाला होता, जवळजवळ लाडाचा. "तूच मार. जोरात मार. नि मला मोकला कर."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती पुढं झाली. तिनं काठी उचलली. ती वाटली त्याहून जड निघाली. दादूनं डोळे मिटले आणि पाठ ताणली. तो वाट बघत होता. त्याला हवा होता तो फटका. आजवर दुसऱ्या कशाची त्यानं इतकी वाट पाहिली नसेल.

नूतननं काठी वर नेली नाही. ती जमिनीवर टेकवून उभी धरली.

"तुम्ही आधी अलिबागला जाल," ती म्हणाली. "जिथं उभं राहून किनारा मोकळा म्हणालात, तिथंच उभं राहून सांगाल की खोटं बोललो. सोनाबाई, तुझ्या बायका सोबत घे. यांचं बोलणं तुम्ही कानांनी ऐका."

दादूनं डोळे उघडले. "नि मग मारशील?"

"ते मला माहीत नाही."

त्याचे ओठ हलले. "मारल्याबिगर मी या गावात कसा ऱ्हाऊ?"

तिनं काठी सोनाबाईच्या हातात दिली. सोनाबाई गांगरली, कारण आजच्या आधी काठी कुण्या बाईच्या हातात गेली नव्हती, पण तिनं ती घट्ट धरली. नूतन चपला घालून पायऱ्या उतरली.

मागं कान्हानं दबक्या आवाजात सांगितलं, दादू, उठ आता. गणराजनंही सांगितलं. तो उठला नाही. पाठीवर काही नव्हतं तरी तो वाकूनच राहिला, आणि गावकी त्याच्याभोवती बसून राहिली.